आतली लोकर

आमच्या घरात दोन तवे होते. एक जाड, काळाकुट्ट, मधे खोलगट झालेला, तो भाकरीचा. दुसरा पातळ आणि सपाट, आईनं राखेनं घासून लखलखीत ठेवलेला, तो चपातीचा. भाकरी आम्हा सगळ्यांची आणि चपाती एकट्या नामदेवची. नामदेव म्हणजे माझा धाकटा भाऊ, माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. सकाळी मला जाग यायची ती परातीत बाजरीच्या पिठावर पडणाऱ्या आईच्या हाताच्या थापांनी. त्या थांबल्या आणि लाटणं घरंगळू लागलं, की आता नामदेवचं चाललंय हे अंथरुणातूनच कळायचं. त्या आवाजानं मला भूक लागायची, हे खरं सांगायला आता काही हरकत नाही. पण चपातीवर माझा हक्क नव्हता आणि तो नाही याचं मला तेव्हा काही वाटतही नव्हतं. उरलाच एखादा तुकडा तर तो मी चहात बुडवून खायची आणि तेवढ्यावर दिवसभर खूश असायची.

महाळुंगे पडवळला आमचं रान होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचे आजोबा मेंढरं राखायचे. अण्णांच्या वडिलांनी जमीन धरली, अण्णांनी विहीर खोदली आणि विहिरीला पाणी लागल्यावर आमच्या घराण्यात पहिल्यांदा गहू पेरला गेला. अण्णांनी दुष्काळात रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली होती. तिची भाकरी कशी व्हायची, घशाखाली कशी उतरायची नाही, हे ते इतक्या वेळा सांगायचे की मला तिची चव माहीत असल्यासारखं वाटायचं. गोष्टीचा शेवट ठरलेला असायचा. नामदेवला मांडीवर घेऊन ते म्हणायचे, "माज्या पोराच्या ताटात गहू असंल. रोज. मंग माजं कायबी होऊ दे." आमच्याकडे गहू हे नुसतं धान्य नव्हतं. बापाला मुलासाठी जे काही करता येतं, ते सगळं त्यात होतं.

आणि तो मुलगा वाढत नव्हता. पाय काटकीसारखे, दंड माझ्या दोन बोटांत मावणारे आणि पोट मात्र फुगलेलं, ताणलेलं. चेहरा पिवळट. शाळेतली पोरं त्याला 'घागर' म्हणायची. खाल्लं की थोड्या वेळानं त्याचं पोट गुरगुरायला लागायचं. तो आवाज मला शेजारच्या खोलीतही ऐकू यायचा. मग तो पोट धरून परसाकडे पळायचा आणि आल्यावर भिंतीला टेकून बसायचा, कुणाशी न बोलता. हसायचा क्वचित. त्याच्यापुढे मी! आई मला बघून वैतागायची. "ही बग, शिळी भाकर खाऊन म्हशीवानी वाढती. आन त्यो तूप-चपाती खाऊन वाळत चाललाय. देवाच्या घरी काय हिशोबच न्हाई."

औषधं सगळी झाली. जंताचं झालं, लिव्हरचं झालं, मुडदुसाचं झालं. एका डॉक्टरांनी सांगितलं, पोट नाजूक आहे, हलकं खायला द्या. बाजरी उष्ण आणि जड, गहू हलका, हे आमच्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून चपाती आणखी पातळ झाली. दुधात कुस्करायला बिस्किटं आली, रव्याची खीर आली, आजारी पडला की पाव आला. तो जितका खालावायचा, तितका गहू वाढायचा. पण त्या घरात कुणी निष्काळजी नव्हतं. उलट काळजीच फार होती.

मी तेव्हा एसटीनं मंचरला कॉलेजला जायचे. आमच्या घरात पुस्तक हातात धरलेलं मी पहिलंच माणूस. विज्ञान शाखा घेतली ती एका शिक्षिकेनं अण्णांना घरी येऊन गळ घातली म्हणून. जीवशास्त्राचे सर फळ्यावर रंगीत खडूंनी आकृत्या काढायचे. पचनसंस्था शिकवायला त्यांनी बरेच दिवस घेतले. तोंडातल्या लाळेच्या ग्रंथी, जठरातलं आम्ल, यकृतातलं पित्त, स्वादुपिंडाचा रस. प्रत्येक रस कुठून येतो, कशाचे तुकडे करतो, हे ऐकताना मला वर्गात बसवत नसे. मला सगळीकडे नामदेवच दिसायचा. एक दिवस सर म्हणाले, "अन्न पोटात गेलं म्हणजे शरीरात गेलं असं समजू नका. तोंडापासून शेवटापर्यंत ही एक लांब नळी आहे. नळीत आहे तोवर अन्न बाहेरच आहे. लहान आतड्याच्या भिंतीतून ते पलीकडे रक्तात शिरलं, तरच ते तुमचं." मग त्यांनी त्या भिंतीवरचे बोटांसारखे उंचवटे काढले, अगदी दाट, एकमेकांना चिकटून. इंग्रजीत त्यांना व्हिलाय म्हणतात. ते नुसत्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत इतके बारीक, पण अन्नरस शोषायचा तो त्यांनीच.

त्या दिवसापासून माझं घरात वागणं बिघडलं. सगळे जेवायला बसले की मी नामदेवच्या तोंडाकडे बघत बसायची. "चाव. अजून चाव. लाळ सुटू दे." आई म्हणायची, "त्याला गिळू दी की गं." अण्णा हसायचे. "आमची डॉक्टरीण! आगं, मास्तर तुला पोटातलं शिकवतो, तर पोट भराया कुणी शिकवायचं?" मी लाळ तपासली, म्हणजे पुस्तकात होतं तसं पिठाच्या खळीत ती मिसळून वर आयोडीन टाकून. ती बरोबर काम करत होती. शौचाचा रंग, तरंगतं की बुडतं, हेही मी बघितलं आणि शेजारच्या बायकांनी नाकाला पदर लावले. तेल तरंगत होतं. म्हणजे खाल्लेलं तूप तसंच बाहेर पडत होतं. कुठेतरी दार बंद होतं. कुठलं, ते मला कळत नव्हतं, आणि माझी तगमग काही केल्या थांबत नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कांदे काढायचे होते, घरात आजाऱ्याकडे बघायला कुणी नव्हतं, म्हणून आईनं आम्हा दोघांना खोडदला मामाकडे पाठवलं. मामा अजून मेंढरं राखायचा. घर रानातच होतं. पलीकडे आकाशाचा वेध घेणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य लोखंडी ताटल्या उभारायचं काम चालू होतं. नामदेव त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आक्का, एवढी मोठी परात कुणाची गं?"

मामी तोंडाची फटकळ आणि मनाची मोकळी. मी पिशवीतून गव्हाच्या पिठाचा डबा काढला, तर डबा वाटेत एसटीतच उपडा झालेला. पीठ सगळं सांडून गेलेलं, पिशवीच्या तळाला नुसता पांढरा थर. मी रडकुंडीला आले. मामी म्हणाली, "रडती कशाला? हितं चपाती लाटाया कुणाला येती? आमी खातो ते खाईल त्यो."

"मामी, त्याला बाजरी सोसत न्हाई."

"गहू सोसतोय व्हय? बग की त्याच्याकडं. बुजगावणं बरं दिसंल."

मामीकडे बाजरीची भाकरी, तांदळाच्या कण्या, मटकीची आमटी आणि ठेचा. पीठ ती घरातच जात्यावर दळायची. आवड म्हणून नव्हे. गावातल्या गिरणीवाल्यानं एकदा पायलीमागं पीठ कमी दिलं होतं आणि मामी तेव्हापासून त्याची पायरी चढली नव्हती. "मेला माज्या भाकरीवर पोट वाढवतो," असं म्हणत ती पहाटे खुंटा असा फिरवायची, जणू खाली गिरणीवालाच आहे.

पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. मग एका दुपारी नामदेवनं भाकरी मागितली. मी चपापले. तो मागत नसे, त्याला नेहमी भरवावं लागे. नंतर एकदा जेवण झाल्यावर मी सवयीनं कान लावून बसले आणि माझ्या लक्षात आलं की पोट गुरगुरत नाही. परसाकडची पळापळ थांबली. तो मामाबरोबर कोकरं हाकायला जाऊ लागला. जत्रेच्या दिवशी मामानं बकरं कापलं आणि वजडी धुवायचं काम आम्हा बायकांकडे आलं. मी आतड्याचा एक तुकडा उभा चिरला, परातीतल्या स्वच्छ पाण्यात पसरला आणि त्यावरून बोट फिरवलं. आतून ते मखमलीसारखं लागलं. सरांच्या खडूची आकृती माझ्या बोटाखाली होती. मामी ओरडली, "धुती का मुके घेती त्याचे?" नामदेव खदाखदा हसला. त्याला असं हसताना मी किती काळात पाहिलं नव्हतं!

आम्ही घरी आलो, तेव्हा अण्णांनी त्याला उचलून घेतलं आणि दोन-तीनदा हवेत वर-खाली केलं, वजन बघितल्यासारखं. गालांवर मांस आलं होतं. अण्णांचा आनंद मावेना. त्यांनी कणगीतला उत्तम गहू काढला, पुरणपोळ्यांचा बेत केला, भावकीला जेवायला बोलावलं. नामदेवनं तूप घालून पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून घासलेला तवा पुन्हा चुलीवर चढला.

पोळा यायच्या आत तो होता तसा झाला. किंबहुना त्याहून वाईट. ओठांच्या कडा चिरल्या, पायांवर सूज आली. मी काय बदललं, काय बदललं, याचाच विचार करत घरभर फिरायची. पाणी? हवा? दूध मामीकडेही होतं. डाळ होती. एका सकाळी आईनं लाटणं माझ्या हातात दिलं आणि ते हातात असतानाच मला कळलं. मी लाटणं खाली ठेवलं.

"अण्णा, त्याला चपाती देऊ नका. भाकर द्या."

अण्णा बैल सोडत होते. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग त्यांचा चेहरा बदलला. "म्हंजी मी इख खाऊ घालतोय व्हय माज्या पोराला?"

"तसं न्हाई अण्णा. पण खोडदला गहू नव्हता, तर..."

"खोडदला हवा व्हती! दोन बुकं शिकली म्हणून बापाला शिकवू नगं. मी मिलो खाल्ली, माज्या बापानं रानातल्या गवताचा बरबडा येचून खाल्ला. आन माजं पोरगं दारात गव्हाची रास असताना भाकर खाईल? लोक काय म्हंत्याल? शेवटची घटका आली तरी बापानं चपाती दिली न्हाई, असं?" शेवटच्या वाक्यावर त्यांचा आवाज फुटला. तेव्हा मला समजलं की मुलगा हातचा जाणार हे त्यांनी मनात धरलं होतं. आणि जायचाच असेल तर पोटभर गहू खाऊन जावा, एवढंच त्यांना करता येत होतं.

मी कॉलेजात सरांना गाठलं. बोलताना माझ्या वाक्यांना शेंडा-बुडखा नव्हता. सरांनी मला खुर्ची दिली. विद्यार्थिनीला खुर्ची देण्याची तेव्हा पद्धत नव्हती. ते म्हणाले, "मी डॉक्टर नाही. पण हे जसं मला सांगितलंस, तसंच्या तसं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात सांग. आणि वडिलांना मी विचारतो." रविवारी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. सरांनी गव्हाचं नावही काढलं नाही. फक्त म्हणाले, "पोराला एकदा दाखवून तर आणू." घरी आलेल्या मास्तरला नाही म्हणणं अण्णांना जमलं नाही. ते सर आज नाहीत. माझ्या वर्गात कुणी अर्धवट वाक्यं बोलू लागलं की मी आधी खुर्ची पुढे करते, ती त्यांचीच शिकवण.

पुण्याला डॉक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग नामदेवच्या तोंडातून नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला. निकाल सांगायच्या दिवशी त्यांनी अण्णांसमोर दोन चित्रं ठेवली. एक निरोगी आतड्याचं, त्यात ती दाट बोटं उभी. दुसरं नामदेवच्या आतड्याचं. सपाट.

"गव्हात एक पदार्थ असतो," बाई म्हणाल्या. "बहुतेकांना तो चालतो. याच्या आतड्याला नाही चालत. गहू खाल्ला की हे सगळं झडून जातं. मग कितीही खायला घाला, अंगी लागत नाही."

अण्णा बराच वेळ दोन्ही चित्रांवरून बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "कातरलेलं मेंढरू हाय हे."

बाई म्हणाल्या, "हो. अगदी तसंच."

"मंग बाई, लोकर परत येती का?"

"येते. पण गहू पूर्ण बंद हवा. कणभरसुद्धा नको. आणि कायमचा."

परतीच्या एसटीत अण्णांनी नामदेवला मांडीवर घेतलं. राजगुरुनगरला कुणीतरी पोराला बिस्किटाचा पुडा देऊ केला, तेव्हा त्यांनी त्या माणसाचा हात नामदेवपासून इतक्या जोरात दूर केला की तो बिचारा दचकला.

घासलेला तवा माळ्यावर गेला. सगळ्यांना बाजरीच. नामदेवची सूज उतरली, ओठ भरले. पण खोडदला जसा तो झपाट्यानं सुधारला होता, तसं काही होईना. मधूनच पोट पुन्हा गुरगुरायचं. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी त्याच्या अंगावर मांस धरेना. आई माझ्याकडे बघेनाशी झाली. एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, "गव्हाचं न्हवतंच काय. उगं पोराच्या तोंडचं काढून घेतलं आपण. सोमवारपासनं चालू करा चपाती." त्यात राग नव्हता. रागावले असते तर मी भांडले असते.

सोमवारच्या आधी पीठ संपलं, म्हणून मी डोक्यावर बाजरी घेऊन गिरणीत गेले. गिरणीत गर्दी. पट्ट्याची धडधड, पिठाचा धुरळा, गिरणीवाल्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. माझ्या पुढच्या बाईचा गहू दळून झाला आणि त्यानं लगेच माझी बाजरी वर ओतली. पीठ यायला लागलं. पहिल्यांदा पांढरं आलं, मग हळूहळू राखाडी झालं. मी लहानपणापासून हे बघत आले होते. गिरणीत आधीच्याचं थोडं आपल्यात येतं आणि आपलं थोडं नंतरच्याच्यात जातं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी डब्याकडे बघत उभी राहिले. डोळ्यांपुढे मामी खुंटा फिरवत होती.

"पोरी, डबा उचल की," गिरणीवाला ओरडला.

मी डबा तिथंच ठेवला आणि घरापर्यंत पळत आले. धाप लागलेली असतानाच अण्णांना सांगितलं. गिरणी, पांढरं पीठ, मामीचं जातं, कणभरसुद्धा नको म्हणालेल्या बाई. यावेळी ते मधे बोलले नाहीत. उठले आणि गोठ्यात गेले. आमचं जातं तिथं गव्हाणीच्या कडेला उलटं पडलेलं होतं, वासरू बांधायला. त्यांनी ते एकट्यानं लोटत अंगणात आणलं, धुतलं, दुसऱ्या दिवशी पाथरवटाकडून टाकी लावून खरखरीत करून घेतलं आणि नव्या खुंट्यासकट माजघरात मांडलं. नवी परात आणली. आई दळायला बसू लागली, तर म्हणाले, "तुजं कंबरडं धरलंय. सरक."

बाप्यानं दळायला बसायचं, ही आमच्याकडे न घडणारी गोष्ट. दोन दिवसांत गावभर झाली. शेजारचे तात्या दारात उभे राहून म्हणाले, "काय राव अण्णा, दळण मांडलंय? मंग एखादी ओवी तरी होऊ द्या."

"ओवी न्हाई येत मला," अण्णा खुंटा न थांबवता म्हणाले. "तुमी म्हणा. मी दळतो."

तात्या हसले, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थट्टा केली नाही. अण्णा रोज पहाटे दळायचे. त्यांची लय काही जमायची नाही. मधेच अडखळायची, मग पुन्हा जोर लागायचा. माझी सकाळची जाग आता त्या आवाजानं यायची. दळून झालं की ते पीठभरल्या हातानं नामदेवच्या सदऱ्याखाली हात घालून त्याच्या पोटावरून तळवा फिरवायचे, मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि मला विचारायचे, "डॉक्टरीण, येती का गं लोकर?"

मी म्हणायची, "आत असती अण्णा. हाताला न्हाई लागत."

"बरं," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात फिरवायचे.

नामदेव आता राजुरीला दुकान चालवतो, दोन मुलांचा बाप आहे. लग्नकार्याला जाताना भाकरी फडक्यात बांधून नेतो आणि पंगतीत कुणी आग्रह केला की आपल्याच पोटावर थाप मारून नाही म्हणतो. मी शिक्षिका झाले. पचनाचा धडा आला की अजूनही मला फळ्यापाशी स्थिर उभं राहवत नाही.

पण मला आठवतो तो जातं मांडल्यानंतरच्या जूनचा एक दिवस. शाळा सुरू व्हायची होती. आईनं नामदेवची गेल्या वर्षीची खाकी चड्डी काढली. दरवर्षी तीच चालायची, आणि तशीच चालेल असं धरून तिनं ती त्याला घातली. ती कमरेत अडकली. बटण लागेना. आईनं ओढून पाहिलं, नामदेव पोट आत घेऊन "आये, दुखतंय!" म्हणून ओरडला. जात्याची घरघर थांबली. अण्णा उठून आले. त्यांनी चड्डी बघितली, त्याच्या भरलेल्या मांड्या बघितल्या. या वेळी त्यांनी पोटावर हात फिरवला नाही. माझ्याकडे वळून विचारलंही नाही. परत जाऊन जात्यापाशी बसले, बाजरीची मूठ वरच्या पाळूच्या तोंडात सोडली आणि खुंट्याला हात घातला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची लय अडखळली नाही.